आतली कडी

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. सुट्टीत जरा कुठे डोकं थंड झालं होतं, ते पहिल्याच तासाला पुन्हा तापलं. पहिलीतली नवी पोरं थोडा वेळ रडून मोकळी झाली, त्यांच्या आया मात्र फाटकाचे गज धरून उभ्या. शेवटी मीच गेले आणि म्हटलं, "अहो, तुमचं लेकरू कधीच गप्प झालंय. आता तुम्हाला बघून पुन्हा सूर लावेल. जा बघू घरी." गेल्या एकदाच्या.

मिठू यंदा सातवीत. खरं नाव हजेरीपुरतं, घरी मिठूच, कारण ही पोरगी बोलायला लागली ती थांबलीच नाही. मुख्याध्यापिकेची मुलगी तिच्याच शाळेत म्हटल्यावर लोक टपूनच बसलेले असतात. म्हणून ती पाचवीत इथे आली त्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं होतं, घरात शाळा नाही आणि शाळेत घर नाही. शाळेत मी मॅडम. सुरुवातीला एकदा व्हरांड्यात "आई" म्हणून हाक मारलीन, मी वळूनसुद्धा बघितलं नाही. "मॅडम" म्हणाली तेव्हा वळले. आमचे उपसर, म्हणजे उपमुख्याध्यापक, शेजारीच होते. म्हणाले, "धन्य आहे हो तुमची." आजवर कुणाची बोट दाखवायची टाप झालेली नाही.

दुपारी संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. ऑगस्टमध्ये पाहणीला माणसं येणार आहेत. 'मुलांचं ऐकणारी शाळा' असा मान काही निवडक शाळांना देणार म्हणे. "बाई, हा मान आपल्याकडे आला पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, आणते. मुलांची सभा भरवायची, प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, आणि मुलं म्हणतील तसा निर्णय. माझ्या डोक्यात हे कितीतरी दिवस घोळत होतंच. फक्त अध्यक्षांना ते आत्ता सुचलं.

२० जून, शुक्रवार

आज लाकडी पट्ट्या आल्या. प्रत्येक वर्गाला एक. ज्याच्या हातात पट्टी तोच स्वच्छतागृहाकडे जाणार, एका वेळी एकच, मधल्या सुट्टीतही. गेल्या वर्षी या मोठ्या मुलींनी वात आणला होता. एकीला लघवी लागली की दुसरीला लागलीच पाहिजे! जोडीजोडीने जायचं आणि तिकडेच हाहाहीही करत बसायचं. आता बंद. संध्याकाळी व्हरांडे इतके शांत होते की मलाच चुकल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी त्या स्वच्छतागृहाने मला पुरेसं छळलंय. पहिलीतला एक बुटबैंगण आत गेला, कडी लावून बसला आणि ती त्याला काढता येईना. पोर आत किंचाळतंय, बाहेर आम्ही सगळे घामाघूम. शेवटी सुताराने दार उचकटलं. पोरगं काळंनिळं झालेलं. त्याच दुपारी मी मुलांच्या सगळ्या स्वच्छतागृहांच्या आतल्या कड्या काढून टाकायला लावल्या. लहानांच्या, मोठ्यांच्या, सगळ्या. एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असलं मला जमत नाही. दार लोटून घेतलं की झालं. पालकसभेत टाळ्या पडल्या होत्या. निर्णय असा ताबडतोब घ्यावा लागतो, नाहीतर लोक डोक्यावर मिऱ्या वाटतात.

२६ जून, गुरुवार

चहा घेताना हे म्हणाले, "मिठूला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय. शाळेतलं."

मी म्हटलं, "मग शाळेत बोलू दे."

"अगं, तुझीच पोरगी आहे ती."

"म्हणूनच. बाकीच्या पोरांच्या आया मुख्याध्यापिका नाहीत. त्यांनी कुणाशी बोलायचं? आता सभा सुरू होतेय ना, तिथे बोलू दे. सगळ्यांना सारखा नियम."

यांनी पेपर तोंडासमोर धरला. यांचा छापखाना, सगळं जग यांना छापायच्या आधी दुरुस्त करता येतं असं वाटतं. मिठू दारात उभी होती. तिने ऐकलं असावं. बरंच झालं.

१ जुलै, मंगळवार

वर्गावर्गांत प्रतिनिधी निवडून झाले. सातवीतून मिठू! आणि मी बोटसुद्धा लावलेलं नाही. वर्गातल्या सगळ्या मुलींनी तिलाच मत दिलं, एकूण एक. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, तिने भाषणच असं केलं. म्हणाली, मला निवडून द्या, मी ते मॅडमच्या कानावर घालीन." ते म्हणजे काय, हे त्यांना काही सांगता येईना. असेल काहीतरी, खेळाचा तास वगैरे.

मला मनातून फार बरं वाटलं. चेहऱ्यावर अर्थात दाखवलं नाही.

४ जुलै, शुक्रवार

पहिली सभा! वाचनालयाच्या खोलीत गोल करून खुर्च्या मांडल्या, मीही त्यांच्यातच बसले, टेबलामागे नाही. विषय फळ्यावर लिहिले होते. भिंतींना कुठला रंग द्यायचा, शाळा सुटतानाच्या घंटेऐवजी कुठली धून वाजवायची, बागेला नाव काय द्यायचं. पोरं आधी मूग गिळून बसली, मग अशी सुटली की आवरेनात. रंगावरून तर तिसरीच्या आणि नववीच्या प्रतिनिधींची हमरीतुमरी झाली. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि पिस्ता रंग ठरला. मला तो रंग मुळीच आवडत नाही, तरीही मान्य केला. याला म्हणतात ऐकणं.

मध्ये मिठूने हात वर केला. "मॅडम, स्वच्छतागृहाच्या कड्या परत लावता येतील का?"

मी फळ्याकडे बोट दाखवलं. "हा विषय आज आहे का?"

"नाही, पण..."

"मग नाही. सभेला शिस्त असते. आणि तो सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यावर निर्णय झालेला आहे."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित दोन वाक्यं जास्त बोलू दिली असती. पण ती माझी मुलगी, तिला सूट दिली असती तर बाकीची पोरं काय शिकली असती? खाली बसली ती मग शेवटपर्यंत बोलली नाही. पिस्त्यालासुद्धा हात वर केला नाही. जरा फुगली असेल. घरी मात्र त्यावर अवाक्षर काढलं नाही. नियम पाळते, एवढं खरं.

९ जुलै, बुधवार

मिठूवर ओरडले. पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत आणते, रोज. इतका उकाडा आणि ही घोटभर पाणी पीत नाही. "ती बाटली काय व्यायाम म्हणून उचलून नेतेस का?" म्हटलं.  घरात शिरली की दप्तर टाकते आणि तडक मोरीकडे पळते, चपला कुठे, मोजे कुठे. मोठी झाली तरी हा धसमुसळेपणा काही जात नाही. आज तर मला ढकलूनच पळाली. आल्यावर चांगलं झापलं.

१८ जुलै, शुक्रवार

दुसरी सभा. या वेळी शेवटी 'इतर काही' असाही विषय ठेवला, म्हणजे पोरांना वाटायला नको की आपलं तोंड बांधलंय. चौथीच्या चिमुरडीने मांजर पाळायची परवानगी मागितली. हसून हसून पुरेवाट.

मग मिठू उभी राहिली. कड्यांचं सोडून दिलेलं दिसलं. म्हणाली, "मॅडम, पट्टीवर एकीऐवजी दोघींना सोडाल का? मोठ्या मुलींपुरतंच."

"दोघी कशाला?"

ती थांबली. समोर नववी-दहावीचे मुलगे बसलेले. खाली बघून म्हणाली, "एकीला बाहेर उभं राहावं लागतं म्हणून."

दहावीचा प्रतिनिधी, तो लंबूटांग, पटकन म्हणाला, "पहारेकरी पाहिजे यांना!" अख्खी सभा हसली. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हसले. म्हटलं, "दोघी गेल्या की गप्पांना ऊत येतो. आपण मत घेऊ या." मत घेतलं. मुलगे जास्त, शिवाय छोट्यांना यातलं काहीच कळलेलं नाही, त्यांनी मोठ्यांचे हात बघून हात वर केले. ठराव पडला. मिठूचा चेहरा लालबुंद झाला होता. तिच्या बाजूने सहावी आणि आठवीच्या मुलींचे हात तेवढे वर होते, तेही अर्धवट.

म्हणजे मी नाही म्हटलंच नाही, मुलांनीच ठरवलं. हे मी उपसरांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "पाहणीच्या लोकांना हे सांगायला छान आहे, मॅडम. मुख्याध्यापिकेच्या मुलीचा ठराव पडतो, म्हणजे लोकशाही किती मुरलीय बघा."

२९ जुलै, मंगळवार

हजेरी बघत होते. सातवीपासून पुढच्या मुलींची गैरहजेरी वाढलीय, दर महिन्याला काही दिवस. मुलग्यांची नाही. वर्गशिक्षिकांना धारेवर धरलं. एकीने तोंड उघडलं, "मॅडम, त्या दिवसांत त्या येत नाहीत..." मी म्हटलं, आम्ही काय त्या दिवसांत शाळा बुडवल्या होत्या? नाजूकपणाचे नुसते चोचले! 

आमच्या घरीही तेच नाटक. मिठू परवा पोट धरून पडून राहिली. आज म्हणते, लघवी करताना जळजळतं. म्हटलं, पाणी पीत नाहीस, जळजळेल नाहीतर काय होईल? समोर उभं राहून गटागटा तांब्याभर पाणी प्यायला लावलं. संध्याकाळी बरं वाटलं म्हणाली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाहणी जवळ आली. प्रतिनिधींना बसवून तयारी करून घेतली. म्हणजे पढवलं वगैरे नाही. पोरं पाहुण्यांसमोर बावचळतात, कुणी मांजरच मागून बसायचं. म्हणून काय विचारलं तर साधारण काय सांगायचं, एवढंच. आणखी झाडं हवीत, वाचनालयात नवी पुस्तकं हवीत, असं. सगळ्यांचं चोख पाठ झालं. मिठूचं तर पहिल्याच फटक्यात झालं, एकदाही अडली नाही. हल्ली फार शहाणी झालीय, उलट उत्तर नाही, हट्ट नाही. घरीही बोलणं कमी. मध्ये दोन दिवस कणकण होती, गोळी दिली, उतरली.

हे म्हणाले, "पोरगी सुकलीय गं." सुकणार नाही तर काय, जेवायचं नाव नको आणि पाणी नको!

२० ऑगस्ट, बुधवार

झालं एकदाचं. आणि काय झालं! पाहणीच्या प्रमुख बाई कडक म्हणून ऐकलं होतं, पण अगदी गोड निघाल्या. आल्या आल्या हात-पाय धुवायचे म्हणाल्या, उपसरांनी आमच्या शिक्षकखोलीच्या आतल्या स्वच्छतागृहात नेलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "किती नीटनेटकं ठेवलंय!" तिथून पुढे सगळं सुरळीत. पिस्ता रंग दाखवला, नवी धून ऐकवली.

सभा त्यांच्यासमोर भरवली. त्यांनी विचारलं, "तुम्हाला या शाळेत काय बदलावंसं वाटतं?" झाडं, पुस्तकं, झाडं, पुस्तकं. मग त्यांनी मिठूकडे बघितलं. ती माझी मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आणि तू गं? मघापासून गप्प आहेस. तुला काही सांगायचंय का?"

मिठू खुर्चीची कड धरून उठली. चेहरा पांढराफटक.  तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्या शाळेत आमचं सगळं ऐकतात."

बाईंचे डोळे भरून आले. खरंच आले. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांच्या कष्टांचं चीज झालं असं वाटलं, आणि तेही माझ्या मुलीच्या तोंडून.

घरी आली ती थंडीने कुडकुडत. अंग नुसतं भाजतंय. पाठीत दुखतंय म्हणते. दगदग झाली असेल. गोळी दिलीय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दवाखाना. सकाळी उठवायला गेले तर ओळखेना. डोळे उघडे आणि मलाच विचारते, तास संपला का. यांनी उचलून रिक्षात घातलं. मूत्रपिंडांत जंतू झालेत आणि ते रक्तात गेलेत. काचेपलीकडे ठेवलंय. आत सोडत नाहीत. पुढे लिहवत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आज शुद्धीवर आली. नीट बोलली. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा आम्हा दोघांनाही आत घेतलं. आमच्या शाळेबद्दल त्यांना काही माहिती नव्हती.

"शाळेत लघवीला किती वेळा जातेस, बाळा?"

"जात नाही."

"म्हणजे? सकाळपासून थेट घरी येईपर्यंत?"

मिठूने मान हलवली.

"आणि पाणी?"

"प्यायलं की लागते. म्हणून नाही पीत."

"जात का नाहीस?"

"आतून कडी नाही. दार आपोआप उघडतं. समोरच नळ आहे, तिथे मुलं पाणी पीत असतात. आधी मैत्रीण बाहेरून दार धरायची. आता एकीलाच सोडतात." एवढं बोलून तिला धाप लागली.

"अगं, मग कुणाला सांगायचं नाही का?"

"मॅडमना सांगितलं होतं. दोनदा."

"आणि आईला?"

मिठूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "आईला शाळेतलं सांगायचं नसतं."

डॉक्टरीणबाई भडकल्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोण या मॅडम? मला नंबर द्या. असल्या माणसांना पोरांमध्ये ठेवतात कोण? मी स्वतः बोलते."

हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "मीच."

त्यांनी मिठूचं पांघरूण सारखं केलं आणि गेल्या.  

२७ ऑगस्ट, बुधवार

तपासण्यांचे निकाल आले. एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी झालंय. दुसऱ्यावर निभेल, पण जन्मभर जपावं लागेल. आधीही दोन-तीनदा जंतू होऊन गेले असणार, लक्ष दिलं असतं तर तेव्हाच आटोक्यात आलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जळजळ. कणकण. मी पाणी पाजलं आणि गोळी दिली.

सारखं मनात येतं, कड्या ठेवल्या असत्या आणि ते पहिलीतलं पोर आत गुदमरलं असतं तर? तेव्हाही लोकांनी मलाच खाल्लं असतं. मी काय वाईट व्हावं म्हणून केलं का? पण लहानांच्या काढून मोठ्यांच्या ठेवता आल्या असत्या. दोघांची स्वच्छतागृहं तर वेगवेगळ्या बाजूंना आहेत. इतकी साधी गोष्ट. ती सातवीतल्या मुलीला कळत होती आणि मला कळली नाही. कुणाला तोंड दाखवू मी?

१ सप्टेंबर, सोमवार

शाळेत गेले. आधी सुताराला बोलावून मोठ्या मुलींच्या सगळ्या दारांना कड्या लावून घेतल्या, समोर उभी राहून. तासाभराचं काम. पट्ट्या गोळा करून कपाटात टाकल्या. उपसर म्हणाले, "मॅडम, एकदम एवढं? लोक विचारतील का म्हणून." मी म्हटलं, विचारू दे.

मग सभा बोलावली. सातवीची खुर्ची रिकामी. मी उभी राहिले आणि सांगितलं, "तुमच्यातल्या एकीने दोनदा सांगितलं आणि मी ऐकलं नाही. मी चुकले. आज फळ्यावर विषय नाहीत. तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा. कुणी हसणार नाही, कुणाला रागावणार नाही."

कुणी हललं नाही. लंबूटांग बुटांकडे बघत होता. आठवीची मुलगी ओढणीचा काठ गुंडाळत बसली.   पुन्हा म्हटलं, "बोला ना रे." 

शेवटी चौथीच्या चिमुरडीने हात वर केला. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बोल बाळा, बोल.

"मॅडम," ती म्हणाली, "आज काय सांगायचं असतं?"

८ सप्टेंबर, सोमवार

अध्यक्षांचा फोन. मान आपल्याला मिळाला. सगळ्या शाळांमध्ये पहिला. त्या प्रमुख बाईंनी सातवीतल्या एका मुलीचा खास उल्लेख केलाय म्हणे. अध्यक्षांना मिठूचं सगळं माहीत आहे. म्हणाले, "बाई, झालं ते वाईट झालं. पण ते घरातलं आहे, ते घरातच राहू द्या. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. जिभेवर होतं. मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवल्यावर यांनी विचारलं कोण होतं. म्हटलं, कुणी नाही, शाळेचं.

१३ सप्टेंबर, शनिवार

मिठू घरी आली. हातापायांच्या काड्या झाल्यात. तिच्या बाबांशी बोलते, हसतेसुद्धा. मी खोलीत गेले की थांबते. वाईट वागत नाही, विचारलं तर उत्तर देते. पाणी दिलं तर पिते. सगळं सांगितल्याप्रमाणे करते आणि ते मला बघवत नाही.

दुपारी तिच्या पलंगावर बसले. म्हटलं, "मिठू, आता तुला जे वाटेल ते मला सांगायचं. घरातलं, शाळेतलं, सगळं. तो नियम गेला खड्ड्यात."

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "सांगू?"

"सांग ना गं."

"मला तुझ्या शाळेत नाही जायचं."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अगं, पण वर्षाच्या मध्येच कसं? दुसरीकडे ओळखी नाहीत, अभ्यास वेगळा. आणि आता कड्याही लावल्यात की. लोक काय म्हणतील, मुख्याध्यापिकेची मुलगीच..." माझं तोंड चालूच राहिलं. तिने हळूच भिंतीकडे कूस वळवली तेव्हा कुठे ते बंद पडलं.

बाहेर हे उभे होते. म्हणाले, "दोन वाक्यं, बाई. दोन वाक्यं बोलली पोरगी." आयुष्यात पहिल्यांदा मला 'बाई' म्हणाले, बाहेरचे लोक म्हणतात तसं. मी मोरीत जाऊन कडी लावली आणि नळ सोडून रडले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मिठूचा शाळा सोडल्याचा दाखला केला. दुसऱ्या शाळेत हे बोलून आलेत. मला बरोबर नेलं नाही.

दाखला मी स्वतःच भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक. वर्तणूक उत्तम. मग शाळा सोडण्याचं कारण. इतक्या वर्षांत हजारो दाखल्यांवर सही केली असेल, त्या रकान्यात काय लिहिलंय हे कधी वाचलंसुद्धा नाही. आज लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून'.

उपसरांनी वाचलं आणि चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, असं कारण चालत नाही. पुढची शाळा परत पाठवेल. मुलांच्या सांगण्यावरून का कुठे दाखले निघतात? आणि वाचणारा म्हणेल, मुलीने असं सांगितलं, म्हणजे या शाळेत काहीतरी घडलंय. शनिवारी मानाचा कार्यक्रम आहे आपला."

मी म्हटलं, "घडलंयच की."

"हो, पण ते तुम्हा-आम्हालाच माहीत," ते म्हणाले, आणि नवा कोरा दाखला माझ्यापुढे सरकवला.

 बाहेर शाळा सुटल्याची धून वाजली, पोरं ओरडत पळाली. मग मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. मुख्याध्यापिका म्हणून सही केली, शिक्का मारला, आणि खाली पालकांच्या जागेवरही मीच सही केली. उपसर म्हणाले, "आता बरोबर आहे."

घरी आणून यांच्या हातात दिला. मिठूने बघायला मागितला. तिने तो पूर्ण वाचला, खालपर्यंत, आणि घडी घालून बाबांना परत दिला.